पेन्शनर बंधूंनो, शाळेंत या!

(खटाव तालुक्यांतील एका गांवीं ध्वजदिनानिमित्त भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आजच्या सभेंत बोलण्यास आम्हांस उभें केलें, याचें पुष्कळांस नवल वाटलें असेल. आम्हीं बंदूक कधीं हातीं धरली नाहीं. आमची सारी लढाई खडूशीं आणि फळ्याशीं. बारावी झाली, दोन वर्षें मराठी ट्रेनिंग कॉलेजांत काढलीं, आणि तेव्हांपासून आज वीस वर्षांहून अधिक काळ खेड्यांतल्या शाळेंत मुलांस बाराखडी शिकवीत आलों. असा माणूस शिपाईगड्यांना काय सांगणार, असें कोणी म्हणेल तर तें खोटें नाहीं.

परंतु आम्ही आज तुमचे आभार मानण्यास उभे राहिलों नाहीं. आभार पुष्कळ झाले, नारळ पुष्कळ झाले, शालीही झाल्या. दरसाल ७ डिसेंबरला आम्ही छातीला कागदी झेंडा लावतों, टाळ्या वाजवितों आणि घरीं जातों. आज आम्ही तुम्हांस कांहीं देण्यास आलों नसून तुमच्यापाशीं मागण्यास आलों आहों. आणि मागणें तुमच्या पैशाचें नाहीं, तुमचें स्वतःचें आहे. गांवच्या मुलांसाठीं तुम्ही गुरुजी व्हावें, हें आमचें मागणें.

प्रथम आपल्या गांवची स्थिति पाहूं. आपला मुलूख दुष्काळी. पाऊस पडला तर ज्वारी, नाहीं तर वारी. म्हणून आपल्या बापजाद्यांनीं एका मुलास नांगराला ठेवलें आणि दुसऱ्यास पलटणींत धाडलें. याच सातारा जिल्ह्यांत अपशिंगे गांव आहे. त्याच्या नांवापुढें मिलिटरी हा शब्द कायमचा चिकटला, इतके तेथील लोक फौजेंत गेले. आपल्याही गांवांत असें घर विरळा कीं जेथें भिंतीवर वर्दीतला फोटो नाहीं.

आतां हा शिपाई परत केव्हां येतो? साधा जवान पंधरा-सतरा वर्षें चाकरी करून घरीं येतो, तेव्हां त्याचें वय पस्तीस ते चाळीस असतें. म्हणजे अंगांत जोर आहे, डोकें ताजें आहे, मुलें अजून शाळेंत आहेत, आणि हातांत पेन्शन आहे. पुढचीं वीस वर्षें तो काय करतो? एकजण बँकेच्या दारांत दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसला आहे. एकजण पुण्याच्या सोसायटीच्या फाटकाशीं रात्रपाळी करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींचे नंबर वहींत लिहितो. एकजण टोलनाक्यावर आहे. कष्टाची भाकर कधीं हलकी नसते, आणि पहाऱ्याचें काम वाईट, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु ज्यानें सियाचिनच्या बर्फांत दहा माणसांची तुकडी सांभाळली, ज्यानें रंगरुटांना नकाशा वाचावयास शिकविलें, त्यास दुसऱ्याच्या फाटकाला कुलूप लावण्यापलीकडे आपण काम देऊं शकत नाहीं, ही लाज त्याची नसून आपल्या सर्वांची आहे.

आतां शाळा पहा. २००९ सालीं मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग पांच आणि शिक्षक दोन! त्यांतला एक ट्रेनिंगला, निवडणुकीच्या याद्यांना किंवा आजारपणाच्या रजेवर गेला म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यांत पांचही वर्ग. एका वर्गास पाढे म्हणावयास सांगावें, दुसऱ्यास शुद्धलेखन द्यावें, तिसऱ्याकडे पाठ फिरवावी आणि चौथ्याच्या दंग्याकडे कानाडोळा करावा, असा तो दिवस जातो. शहरांतल्या साहेबाचें मूल अशा वर्गांत बसत नाहीं. तेथें बसतें तें कुणब्याचें, सुताराचें, कुंभाराचें, चांभाराचें, धनगराचें मूल. ज्याचें जळतें त्यालाच कळतें.

अशाच एका दिवशीं आमच्या शाळेंत जें घडलें तें सांगतों. आमचे सोबती रजेवर होते. चौथींतल्या एका मुलीचे वडील तिचा विसरलेला डबा घेऊन आले. गृहस्थ पलटणींतून नाईक होऊन आलेले. पुण्याला पहाऱ्याची नोकरी, तेव्हां सुटीवर. आम्हीं म्हटलें, "दादा, तासभर या चौथीजवळ बसतां का? नुसतें गप्प ठेवा." दादा बसले नाहींत. ते पोरांना घेऊन अंगणांत गेले. एकास माती आणावयास सांगितली, दुसऱ्यास पाणी, तिसऱ्यास काड्या. अर्ध्या तासांत अंगणांत आपलें सारें गांव उभें राहिलें! डोंगर, ओढा, पाणवठा, देऊळ, शाळा, एस. टी. चा थांबा. मग त्यांनीं विचारलें, "सूर्य कुठं आहे? मग पूर्व कोणती? ओढ्याचं पाणी कुठल्या दिशेला वाहतं? शाळेपासून थांबा किती पावलं?" पोरें धांवत गेलीं, पावलें मोजून आलीं, दोघांचा आंकडा जुळेना, तेव्हां कोणाचें पाऊल मोठें आणि कोणाचें लहान यावर वाद झाला, आणि त्या वादांतून लांबी मोजण्यास सर्वांचें माप एकच कां हवें, हें पोरांनीं आपण होऊन सांगितलें. दिशा आणि नकाशा हा धडा आम्हीं त्याच वर्गास तीन दिवस फळ्यावर शिकविला होता. तीन दिवसांत जें डोक्यांत शिरलें नाहीं तें एका तासांत शिरलें. आम्ही दारांत उभे राहून पाहत होतों. मत्सर वाटला म्हणावें तर वाटला. पण आनंद त्याहून मोठा होता.

आम्हीं मागाहून त्यांस विचारलें, हें कोठें शिकलां? ते म्हणाले, "पलटणीत उस्ताद असंच शिकवायचे. आधी सांगायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करवून घ्यायचं, मग सराव. मातीचा नकाशा तर आम्ही दर वेळेला करायचो." ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस जाड्या पुस्तकांतून जी शिक्षणपद्धति शिकविली, ती हा माणूस पाठीवरच्या सामानाबरोबर घेऊन फिरत होता, आणि त्याची त्यालाच खबर नव्हती.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. सुटीच्या दुसऱ्या आठवड्यांत दादा हौसेनें पुन्हां आले आणि दुसरीजवळ बसले. एका मुलास वजाबाकी येईना. दादांनीं दोनदां सांगितलें, तिसऱ्यांदा परेडच्या मैदानावरचा आवाज काढला. पोर रडलें नाहीं. नुसतें भिंतीकडे पाहत राहिलें. दुसऱ्या दिवशीं तें शाळेंत आलें नाहीं, तिसऱ्या दिवशीं नाहीं. त्याची आजी आली आणि आम्हांस बोल लावून गेली. तें ऐकून दादा आपण होऊन त्या घरीं गेले, पोराजवळ ओट्यावर बसले, आणि त्यास घेऊन शाळेंत आले. आम्हांस म्हणाले, "गुरुजी, रंगरुटावर ओरडलं तर तो सरळ होतो. हे पोर तर मिटूनच गेलं." आम्हीं म्हटलें, "दादा, त्याकरितांच ट्रेनिंग कॉलेज आहे."

बंधूंनो, आमच्या भाषणाचें सार या एका गोष्टींत आहे. शिपायाच्या अंगीं गुरुजी होण्याचा निम्मा गुण तयार असतो. वेळ पाळणें, नेमलेलें काम पुरें करणें, अडाण्यास पायरीपायरीनें शिकविणें, आणि जात-गांव न पाहतां सर्वांबरोबर एका पंक्तीस जेवणें, हें तो शिकून आलेला असतो. परंतु दुसरा निम्मा गुण वर्दीबरोबर मिळत नाहीं, तो कमवावा लागतो. लहान मुलाचें मन कसें चालतें, तें कोठें अडतें, त्यास भीति न घालतां पुढें कसें न्यावें, ही विद्या वेगळी आहे. कान सोनारानेंच टोचावे. २००९ च्या त्याच कायद्यानें मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी आहे. म्हणून "फौजी आणा, पोरें सुतासारखीं सरळ होतील" असें जे म्हणतात त्यांचें आमचें जमत नाहीं. आम्हांस शाळेंत छडी नको आहे. आम्हांस उस्ताद हवा आहे.

आम्ही हें कांहीं नवें सांगत नाहीं. आपल्याच इतिहासांत याचा मोठा दाखला आहे, आणि तो या खटाव तालुक्याच्या उंबऱ्यावरचा आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे फौजेंतले. त्या काळच्या फौजेंत शिपायांच्या मुलामुलींस शिक्षणाची सक्ती होती. ज्या लोकांस गांवच्या शाळेच्या पायरीवर उभें राहूं देत नसत, त्यांच्या मुली पलटणीच्या शाळेंत लिहूं-वाचूं लागल्या. रामजींनीं पुण्याच्या नॉर्मल स्कुलांत, म्हणजे शिक्षक तयार करण्याच्या शाळेंत, शिक्षण घेतलें. मग ते लष्करी शाळेंत शिक्षक झाले, आणि चौदा वर्षें हेडमास्तर होते. लक्ष द्या, सुभेदारीचा हुद्दा मिळविणाऱ्या माणसासही आधीं नॉर्मल स्कूल करावें लागलें. हुद्दा त्यांच्या उपयोगीं पडला असेल, पण मास्तरकी त्यांनीं शिकून घेतली.

त्या फौजी शिक्षणानें काय केलें पहा. गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं पलटणींतून पेन्शन घेऊन आले, दापोलीस राहिले, आणि १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' हें पुस्तक छापून शिवाशिवीच्या मुळावर घाव घातला. पलटणीनें अक्षर दिलें, आणि पेन्शनर शिपायानें तें आपल्या लोकांच्या कामीं लावलें. पुढें १८९२-९३ च्या सुमारास सरकारनें महारांची फौजभरती बंद केली, आणि त्याबरोबर विद्येचा तो दरवाजाही मिटला.

आतां रामजी सुभेदारांचें पुढें काय झालें? पेन्शन घेऊन ते कोंकणांत दापोलीस राहिले, मग साताऱ्यास आले. चौदा वर्षें हेडमास्तरकी केलेल्या या माणसास येथें कोणतें काम मिळालें? सरकारी बांधकाम खात्यांत कोठारावरची नोकरी! आणि १९०१ च्या सुमारास, आपल्या याच खटाव तालुक्यांत गोरेगांवास दुष्काळपीडितांकरितां तलाव खोदण्याचें काम चाललें होतें, तेथें ते रोखपाल होते. म्हणजे आपल्या भागांत एक अनुभवी, शिकलेला, ट्रेनिंग घेतलेला हेडमास्तर राहत होता, आणि आपला मुलूख त्याच्याकडून सामानाच्या नोंदी आणि मजुरीचे हिशेब लिहवून घेत होता.

त्याच सुमारास त्यांचा धाकटा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेंत होता. १९०० सालीं त्याचें नांव तेथें दाखल झालें. वर्गांत त्याला इतरांपासून वेगळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तें गोणपाट रोज नेणें-आणणें त्याच्याच माथीं, कारण शाळेंतला गडी त्याला शिवत नसे. शिपाई पाणी ओतावयास नसेल तर त्या दिवशीं पाणी नाहीं. आम्ही तुम्हांस एकच विचारतों. त्या शाळेच्या खुर्चीवर रामजी सुभेदारांसारखा मास्तर बसला असता, तर तें गोणपाट त्या वर्गांत एक दिवस तरी राहिलें असतें काय? शाळा भिंतींची नसते. तेथें उभा राहणारा माणूस कोणत्या घरांतून आला आहे आणि त्यानें काय सोसलें आहे, त्याची ती असते. रामजींची विद्या गांवच्या मुलांच्या उपयोगीं पडली नाहीं, घरच्या मुलाच्या मात्र पडली. आणि त्या एका मुलानें पुढें देशाची घटना लिहिण्याचें काम शिरावर घेतलें. एका घरांत एवढें घडलें, तर शंभर घरांचीं मुलें त्यांच्या हाताखालीं गेलीं असतीं तर काय झालें असतें, याचा विचार तुम्हीच करा.

महात्मा जोतीराव फुले यांनींही हीच गोष्ट ओळखली होती. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावे अशी मागणी होती. त्यांचें म्हणणें असें कीं, शिक्षक असा हवा ज्याला वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरतां येईल आणि जो गोरगरिबांत मोकळेपणानें मिसळेल. पण शिक्षक ट्रेनिंग घेतलेलाच हवा, हेंही त्यांनीं तितक्याच आग्रहानें मांडलें. दोन्ही गोष्टी एकत्र! आपला माणूस हवा, आणि शिकलेला माणूस हवा. जोतीरावांची ती कसोटी घेऊन आज आम्ही गांवांत फिरलों, तर ती पुरी करण्याच्या सर्वांत जवळ उभा कोण दिसतो? खरीपाला औत धरणारा, कुंपण स्वतः दुरुस्त करणारा आणि पंधरा वर्षें देश पाहून आलेला आमचा हा पेन्शनर.

दुसऱ्या देशांसही ही गोष्ट सुचली आहे. शीतयुद्ध संपून अमेरिकेची फौज कमी होऊं लागली, तेव्हां १९९० नंतरच्या त्या दशकांत तेथील सरकारनें सैनिकांस शिक्षक होण्यास साह्य करणारी योजना काढली. साह्य म्हणजे काय, तर सल्ला आणि ट्रेनिंगच्या काळांत पैशाची मदत. पण शिक्षकाचा परवाना ज्याचा त्याला मिळवावा लागे. इंग्लंडांत २०१३ सालीं तशीच योजना निघाली. तेथें अपेक्षेहून फार थोडे लोक आले. नुसती "या, या" अशी हांक मारून माणूस येत नाहीं. त्याच्या वाटेंतले दगड कोणी तरी उचलावे लागतात.

तर आपल्याकडे ते दगड कोणते आहेत, हें आतां उघडपणें बोलूं. आपल्या राज्यांत सरकारी नोकरीच्या गट क आणि गट ड च्या जागांत माजी सैनिकांस शेकडा पंधरा जागा राखीव आहेत, आणि प्राथमिक शिक्षकाची जागा गट क मध्यें येते. वयाचीही सवलत आहे. फौजेंत जितकीं वर्षें काढलीं तितकीं आणि वर तीन वर्षें वयांतून धरलीं जातात. म्हणजे दार उघडें आहे. पण त्या दारांतून आंत जाण्यास तीन पायऱ्या आहेत. पहिली बारावी, तीही सुमारें निम्म्या गुणांनीं. दुसरी दोन वर्षांचा डी. एल. एड. चा अभ्यासक्रम, ज्यास पूर्वीं डी. एड. म्हणत. तिसरी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, जी आपल्या राज्यांत २०१३ पासून सुरू झाली. आणि त्यानंतर भरतीची चांचणी. बहुतेक शिपाई दहावीला फौजेंत गेलेले. पंधरा वर्षें नोकरी केलेल्या दहावी पास जवानास पदवीधरासारखें मानण्याचा दाखला मिळतो, आणि पुष्कळजण त्या दाखल्यावर भरंवसून राहतात. तो कारकुनी जागांस उपयोगीं पडतो, डी. एल. एड. ची जागा तो घेत नाहीं. याचा परिणाम असा होतो कीं, शिक्षकभरती निघते, माजी सैनिकांच्या नांवाच्या जागा यादींत छापून येतात, आणि त्यांस लायक उमेदवार मिळत नाहीं म्हणून त्या मागें पडतात. ताट वाढलेलें आहे, पाट मांडलेला आहे, आणि जेवणारा फाटकाशीं पहारा करीत उभा आहे!

येथें कांहीं मंडळी आक्षेप घेतील, आणि ते आक्षेप आम्ही टाळणार नाहीं.

पहिला आक्षेप, आमचींच पोरें डी. एड. होऊन घरीं बसलीं आहेत, त्यांत पेन्शनरांची भर कशाला? हें दुःख खरें आहे. आमच्या हाताखालून गेलेलीं मुलें पदविका घेऊन दुकानांत वजनकाटा धरीत आहेत, तें आम्ही रोज पाहतों. परंतु आम्ही कोणाच्या तोंडचा घास काढा असें म्हणत नाहीं. जो वाटा सैनिकाचा म्हणून आधींच ठरलेला आहे, तो त्यानें लायक होऊन घ्यावा, एवढेंच आमचें म्हणणें. आणि परीक्षा सर्वांची एकच. उलट लायक सैनिक आणि घरीं बसलेले तरुण यांनीं मिळून "रिकाम्या जागा वेळेवर भरा" अशी एक ओरड केली तर ती अधिक दूर ऐकूं जाईल.

दुसरा आक्षेप, ज्याला पेन्शन आहे त्याला पगार कशाला? त्यास आमचें उत्तर, पेन्शन हें मागच्या चाकरीचें देणें आहे, दान नव्हे. तोच माणूस फाटकावर पगार घेतो तेव्हां कोणी विचारीत नाहीं. वर्गांत घेईल तेव्हांच कां विचारावें?

तिसरा आक्षेप घरांतून येतो, आणि तो सर्वांत जड आहे. दादांच्या घरीं आम्हीं हा विषय काढला तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पंधरा वर्षं मी एकटीनं काढली. आता हे घरी आले तर पुन्हा दोन वर्षं शाळेत घालायचं का यांना? पहाऱ्याचा पगार बंद झाला तर पोरीची फी कोण भरणार?" यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. पेन्शनींत घर चालतें, पण जेमतेम. म्हणून आम्ही म्हणतों कीं, हा एकट्या शिपायाचा प्रश्न नसून सरकारचा आणि गांवाचा आहे. ट्रेनिंगच्या दोन वर्षांत माजी सैनिकास विद्यावेतन मिळावें, आणि अध्यापक विद्यालयांत त्याच्याकरितां कांहीं जागा वेगळ्या राखाव्या. विद्यार्थी मिळत नाहींत म्हणून किती तरी अध्यापक विद्यालयें बंद पडलीं. जेथें विद्यालय ओस आहे आणि शिकणारा दारांत उभा आहे, तेथें मधें आहे ती फक्त सरकारी कागदाची भिंत. ती पाडण्यास फार पैसा लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट मनांत धरा. २०२२ सालीं अग्निपथ योजना आली. तींत चार वर्षांची नोकरी, आणि मग फार तर चौथा हिस्सा कायम. म्हणजे चारांतले तीन तरुण, पंचविशीच्या आंतबाहेर, पेन्शनीशिवाय घरीं परतणार. हे पस्तिशीचे गृहस्थ नव्हेत. हीं आपलीं कोंवळीं पोरें आहेत. यांच्यापुढें आज वाट दाखविली नाहीं तर हातांतली रक्कम मोटारसायकलींत आणि लग्नांत जाईल, आणि मागें राहील नुसता पिळदार दंड. त्यांच्यापैकीं ज्यास मुलांची आवड आहे त्यानें त्याच पैशांतून दोन वर्षें शिकावें, म्हणजे तिशीच्या आंत तो वर्गावर उभा राहील.

आतां करावयाचें काय, तें सांगून आम्ही बसतों.

जे अजून नोकरींत आहेत त्यांनीं पेन्शनीची वाट पाहूं नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयांतून बारावी देतां येते. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, तेथून पदवी घेतां येते. पलटणींत पत्त्यांत जाणारी संध्याकाळ पुस्तकांत घाला. सुटीवर आलां म्हणजे आमच्याकडे या. चुकलेलें गणित आम्ही सांगूं, आमची फी एक कप चहा.

जे परत आले आहेत त्यांनीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जाऊन चालू वर्षाचे नियम स्वतः विचारावे. एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवूं नये, आणि पैसे घेऊन परीक्षा पास करून देतों म्हणणाऱ्याच्या सावलीला उभें राहूं नये. ज्यानें देशाचें मीठ इमानानें खाल्लें त्यानें मुलांपुढें खोट्या दाखल्यानें उभें राहणें हें पाप आहे.

ज्यांस वयामुळें किंवा घरच्या ओझ्यामुळें दोन वर्षें देतां येत नाहींत, त्यांनीं निराश होऊं नये. आठवड्यांतून दोन तास शाळेंत या. शाळा व्यवस्थापन समितींत बसा. मुलांना मैदानावर खेळवा, दिशा दाखवा, नकाशा करून द्या, लडाख कसें आहे आणि आसामांत पाऊस किती पडतो तें सांगा. भूगोलाचें पुस्तक तुमच्या पायांखालून गेलेलें आहे; तें पायांतच कां ठेवतां? वर्ग आमचा राहील, जबाबदारी आमची राहील. तुम्ही फक्त या.

आणि माता-भगिनींनो, तुम्हांस आमची हात जोडून विनंती. तुम्हीं एकटीनें पंधरा वर्षें घर चालविलें, म्हणून हा माणूस देशाच्या कामीं आला. आतां तो गांवाच्या कामीं येतो म्हणेल तेव्हां त्यास अडवूं नका, आणि तुमच्यापैकीं ज्या स्वतः शिकलेल्या आहेत त्यांनीं "मीच कां होऊं नये?" असा प्रश्न त्यास विचारावा. शाळेस बाईही हव्यात.

ज्या दादांची गोष्ट आम्हीं सांगितली ते आज या सभेंत बसले आहेत. नांव सांगूं नका अशी त्यांची अट आहे, म्हणून आम्ही तिकडे पाहतही नाहीं. त्यांनीं बारावीचा अर्ज भरला आहे. वय अडतीस. मुलगी आतां सातवींत गेली. रात्रीं एकाच दिव्याखालीं दोघें अभ्यासास बसतात, आणि इंग्रजीचा शब्द अडला तर बाप मुलीस विचारतो. ते पास होतील कीं नापास, पुढें ट्रेनिंगची फी कशी उभी राहील, वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर सरकार देईल कीं नाहीं, हें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. परंतु मातीच्या नकाशावर ज्या पोरांनीं पूर्व दिशा शोधली, तीं पोरें अजून आम्हांस विचारतात, "गुरुजी, फौजी गुरुजी पुन्हा कधी येणार?"

सव्वाशें वर्षांपूर्वीं या तालुक्यानें एका हेडमास्तरास रोखपाल केलें. ती चूक आतां पुन्हां होऊं देऊं नका. पोरांना काय उत्तर द्यावयाचें, तें तुम्ही आम्हांस सांगा. एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.